आबाचा चांगला पाय

आमच्या गावाने कोरोनाला काट्याने अडवलं होतं. बाभळीच्या फांद्या तोडायच्या, रस्त्यावर आडव्या टाकायच्या, वर दगड ठेवायचे आणि चार जणांना काठ्या देऊन बसवायचं, की झाली गावबंदी. रोग जणू पायी येणार होता आणि काटा टोचला की आल्या वाटेने परत जाणार होता. मी हे तोंडावर बोलले, तेव्हा माझा चुलतभाऊ ईश्वर म्हणाला, "तू उगी ऱ्हाय, सुनी. तुले कोन्ही इचारं नई." खरंच आहे ते. नवऱ्याचं घर सोडून बापाकडे परत आलेल्या बाईला कोण विचारतं? म्हणून तर मी न विचारता बोलते.

त्या फांद्या टाकायला माझा बापही गेला होता. उमाकांत त्याचं नाव, पण सगळं गाव त्याला आबाच म्हणतं. साखरेचा आजार जुना आणि पथ्याच्या नावाने बोंब. पाय इतके बधिर झाले होते की चूल सारताना निखारा पडला तरी कळत नव्हतं. बाभळीचा काटा चपलेतून आरपार पंजात गेला आणि तिथेच मोडला. आबा तसाच फिरत राहिला. पुढे घरात उंदीर मेल्यासारखा वास यायला लागला. मी कोठ्या सरकवल्या, माळा उपसला, पलंगाखाली झाडलं. उंदीर कुठेच नव्हता. आबाचा उजवा पाय सडत होता.

नंदुरबारला फक्त पायांवर इलाज करणारा एक दवाखाना आहे, निशा मॅडमचा. मी फोन लावला. मॅडमनी आधी पायाचा रंग विचारला, मग म्हणाल्या, "आजच या. पण नीट ऐका. सोबत एकच माणूस. मास्क नाकाच्या वर, दोघांचाही. वाटेत कुठे चहाला थांबू नका. इथे आलात की खाली उतरायचं नाही, गाडीतच बसायचं. मी फोन केला की मगच आत. आत कशाला हात लावायचा नाही आणि काम झालं की सरळ घरी." मी सगळं ऐकलं आणि सगळं पाळलं. कुणाचं ऐकायची मला सवय नाही, पण ती बाई घाबरवत नव्हती, सांगत होती.

रायसिंग नाल्यापलीकडच्या पाड्यावरचा. त्याची तीनचाकी होती. त्याने आपल्या आणि आमच्या मध्ये खताच्या गोणीचं प्लॅस्टिक बांधलं आणि आम्ही निघालो. जाताना कोणी अडवलं नाही, उलट फांद्या पटापट बाजूला झाल्या. गावाला भीती येणाऱ्याची होती, जाणाऱ्याची नव्हती.

वाटेतल्या कोरीट गावापर्यंत रस्ता सुनसान. शहराच्या तोंडाशी एका पोलिसाने काही न विचारता टपावर काठी हाणली, मग दुसरी रायसिंगच्या दंडावर. तिसरी उगारली तेव्हा मी आबाच्या पायावरचं फडकं सोडलं आणि तो पाय त्याच्या नाकापुढे धरला. त्याने मास्कवरून आणखी हात दाबला आणि म्हणाला, "जा, जा, लवकर जा." रायसिंगच्या दंडावर वळ उठला होता. मला त्या पोलिसाचाही राग आला आणि आबाचाही, कारण आबा सगळ्या वाटेत एकच सांगत होता, "काही नई व्हयेल शे. हयद लावती तरी बरं व्हतं." हळद म्हणे!

दवाखान्याबाहेर आम्ही गाडीतच बसून राहिलो. आणखी दोन गाड्या होत्या, त्याही अशाच, काचा उघड्या ठेवून. फोन आला. दारात एका बाईने कपाळाला यंत्र लावून ताप बघितला, हातावर औषध ओतलं. आत खिडक्या सताड उघड्या, पंखा बंद, आणि प्लॅस्टिकच्या टोपीत, चष्म्यात, पांढऱ्या झग्यात मॅडम. डोळे तेवढे दिसत होते. ते तरुण होते.

मॅडमनी आबाचा पाय मांडीवर घेतला आणि कात्री चालवली. मी पुष्कळ बघितलंय. गाय अडलेली बघितलीय, नवऱ्याने मारलेल्या माझ्याच पाठीवरचे वण आरशात बघितलेत. पण हे बघवेना. काळं कातडं कापडासारखं कापलं जात होतं, खालून पू आला, मग रक्त आलं, आणि आबा छताकडे बघत कापसाच्या भावाचं बोलत होता. त्याला काहीच कळत नव्हतं. मांसात खोल चिमटा घालून मॅडमनी काट्याचा तुकडा काढला आणि वाटीत टाकला. त्या म्हणाल्या, "रक्त आलं ही चांगली गोष्ट आहे. हाडाला अजून लागलेलं नाही. आता ऐका, बाबा. मी सांगेपर्यंत हा पंजा जमिनीला टेकवायचा नाही. एकदाही नाही. संडासलासुद्धा खुर्ची. एक दिवसाआड पट्टीला यायचं. टेकवलात तर गुडघ्याखालून काढावा लागेल, आणि या दिवसांत त्या ऑपरेशनला खाट मिळेल याची मी खात्री देत नाही."

म्हणजे पाय जाईल, नाहीतर माणूस जाईल. मला समजलं. आबाला समजलं नाही, किंवा त्याने समजून घेतलं नाही.

परत आलो तर फांद्यांच्या मागे सगळा तांडा उभा होता. ईश्वर पुढे. मास्क त्याच्या हनुवटीवर लोंबत होता. "रिपोर्ट दखाड," तो ओरडला.

"कसला रिपोर्ट? पाय दाखवायला गेलो होतो."

"दवाखानामातून येल शे तुम्हीन. गावमा येवानं नई."

मी खाली उतरले आणि हातांनीच काटे ओढायला लागले. पहिला दगड गाडीच्या काचेवर पडला, दुसरा रायसिंगच्या कपाळावर. रक्त डोळ्यात उतरलं तसा तो खाली बसला. कोणीतरी मला मागून ढकललं आणि मी तोंडावर काट्यात पडले. ईश्वरचा हात मला उठवायला आला की दाबायला, ते मी बघत बसले नाही. मी चावले. चांगली कडकडून चावले. तो बोंबलला, आणि मग कुठे म्हातारे मध्ये पडले. निवाडा झाला की बापलेकीने गावाबाहेरच्या आमच्या खळ्यातल्या खोलीत राहावं आणि गावात पाऊल टाकू नये. माझ्या बापाचं पाऊल तर तसंही जमिनीला टेकणार नव्हतं.

खळ्यात बरं चाललं होतं. आबा खाटेवर, पाय उशीवर. एक दिवसाआड रायसिंग यायचा, कपाळाला पट्टी बांधून. मी त्याला एकदा म्हटलं की दुसरं कोणी असतं तर आलं नसतं. तो म्हणाला, "सुनिताबाई, मन्ही गाडीना काच फोडा त्यास्नी. आते मी मुद्दाम येस." मॅडम म्हणत होत्या की जखमेत लाल दाणे भरतायत, असंच चालू दे. मला उगीच आनंद व्हायचा. मी आबाला रोज तोच लाल रंग सांगायचे आणि तो तोंड फिरवायचा.

इकडे गावात माणसं मरायला लागली. फुलीबाई गेली, मग तिचा दीर, मग शाळेजवळचा शिंपी. काट्यांनी कोणालाच अडवलं नव्हतं. मग गावबंदी करणारे सगळे देवळापुढे मांडीला मांडी लावून बसले, तोंडं उघडी, आणि ठरलं की मरीमायचा गाडा काढायचा.

गाडा म्हणजे कडुनिंबाच्या लाकडाची लहान गाडी. तिच्यात मरीमायची मूर्ती, हिरव्या बांगड्या, लिंबं, एक काळी कोंबडी. गावावर रोगराई आली की ती गाडी ओढत शिवेवर न्यायची आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून यायची. त्या गावाने ती पुढच्या गावाला पोचवायची. गाडीचा दोर धरायचा मान आमच्या घराचा, घरातल्या वडील पुरुषाचा. त्याने अनवाणी चालायचं, सगळ्या शिवारातून, आणि मागे वळून बघायचं नाही. तो जिवंत असताना दुसऱ्याने दोर धरला तर मरीमाय कोपते आणि गाडी परत गावात येते. मरीमायवर माझा राग नाही, तिला मीही नारळ फोडते. पण तिने माझ्या बापाचा पाय मागितला असेल, हे मला पटलं नाही.

ईश्वर आणि चार म्हातारे सांगायला आले. खळ्याच्या बांधावर लांब उभे राहिले. म्हणे रोग लागेल.

"आबा, उद्या गाडा शे," ईश्वर म्हणाला.

"तो चालणार नाही," मी म्हटलं. "पंजा टेकला तर पाय कापावा लागेल. डॉक्टरने सांगितलंय."

"एक पायसाठे आख्खं गाव मराले टाकशी का तू?"

"तू धर ना दोर. दोन्ही पाय धड आहेत तुझे."

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. "आबा, तू बोल."

आबा खाटेवर उठून बसला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला होता. फुलीबाईच्या लग्नात तो वाढायला होता, शिंप्याशी रोज पत्ते खेळायचा. आपण खाटेवर आणि ते मेले, हे त्याला खात होतं. "मन्हा बाप चालना, त्याना बाप चालना," तो म्हणाला. "मी बी चालसू."

"आबा!" मी ओरडले.

"पाय मन्हा शे, सुनी. तुन्हा नई."

मी खूप बोलले. रडले, पाया पडले, शिव्या दिल्या. मी म्हटलं की तू मेलास तर मला या गावात उभं कोण करेल? हे मी स्वतःसाठी बोलले आणि खरं बोलले. मला दुसरं घर नाही. आबाने फक्त एवढं विचारलं, की माझं पांढरं धोतर गावातल्या घरातून कोण आणेल.

सकाळी डफ वाजत खळ्याकडे आले. पन्नासेक माणसं असतील, गुलाल उधळत, एकमेकांच्या अंगावर पडत. मी आबाला आत ठेवून दाराला बाहेरून कडी घातली आणि दारात उभी राहिले. हातात कपडे धुवायची मोगरी होती, बाभळीच्या लाकडाची, चांगली वजनदार.

"बाजूले व्हय," ईश्वर म्हणाला.

"ये ना. माझे दात आठवतात का?"

तो आला. त्याने माझे केस धरले आणि मला खाली ओढलं. मी मोगरी फिरवली ती त्याच्या मनगटावर बसली. हाड वाजलं. तो हात पोटाशी धरून गोल फिरायला लागला. मग पाठीत काठी बसली, मग दुसरी, कोणाची ते कळलं नाही. एक काठी तोंडावर आली आणि पुढचा दात तुटून जिभेवर आला. मी तो थुंकले आणि मोगरी फिरवत राहिले. एकाच्या गुडघ्यावर लागली, एकाच्या कानावर. मला तेव्हा काहीच दुखत नव्हतं. खरं सांगू, मला बरं वाटत होतं. किती वर्षांचं होतं ते, कोण जाणे.

त्या धांदलीत कोणीतरी कडी काढली, आबाला त्याचं धोतर दिलं, गुलाल लावला. डफ एकदम थांबला म्हणून मी वळून बघितलं. दारात आबा उभा होता. पांढरं धोतर नेसलेला, कपाळाला गुलाल, एक हात चौकटीवर. त्याने पट्टी सोडून टाकली होती. मॅडमनी इतके दिवस राखलेली ती लाल जखम उघडी, हवेत. डाव्या पायावर उभा राहून त्याने उजवा उचलून धरला होता, आणि समोर खळ्याची माती, शेण, खडे, गाड्याबरोबर आलेल्या माणसांच्या थुंकीचे ओले डाग.

"सुनी, सरक," तो म्हणाला. मायेने म्हणाला. तेच मला सहन झालं नाही.

त्याने उजवा पाय खाली आणायला सुरुवात केली. माझ्या डोक्यात त्या वेळी अगदी लख्ख होतं. याचा डावा पाय धड आहे तोवर हा चालणार. मी दोन्ही हातांनी मोगरी धरली आणि डाव्या नडगीवर हाणली.

कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. आबा उभ्या उभ्या कोसळला, आणि मी मोगरी टाकून खाली झेप घेतली, त्याचा उजवा पाय जमिनीला लागायच्या आत हातांवर झेलला आणि मांडीवर घेतला. माझ्या तोंडातलं रक्त त्याच्या धोतरावर सांडत होतं. डावा पाय नडगीपासून भलतीकडेच वळला होता. तो पाय बधिर नव्हता. आबा गुरासारखा ओरडला.

"बापले मारं तू!" तो ओरडत होता आणि हाताला येईल तिथे मला बुक्के मारत होता. "किडा पडतीन तुले! मरी जाशी तू!"

"मर म्हण, काहीही म्हण," मी म्हटलं. "पाय खाली नाही ठेवू देणार."

त्यानंतर मला कोणी मारलं नाही. माणसं मागे सरली, जशी पिसाळलेल्या कुत्रीपासून सरतात. दोर ईश्वरने धरला, डाव्या हाताने. शिवेवर पलीकडच्या गावचे लोक काठ्या घेऊन वाटच बघत होते. तुमचा रोग आमच्यात नको, म्हणून त्यांनी गाडी नाल्यात फेकली आणि आमच्यांना पिटाळून लावलं. तिघांची डोकी फुटली. गाव म्हणालं, हे सगळं सुनितामुळे झालं.

मी रायसिंगला बोलावलं आणि आम्ही दोघांनी आबाला उचलून गाडीत घातलं. त्याही दिवशी मी दोन मास्क घेतले, एक आबाला बांधला. त्याने तो काढून माझ्या तोंडावर फेकला. मी पुन्हा बांधला. दवाखान्यापुढे फोन येईपर्यंत आम्ही गाडीतच थांबलो, आबा कण्हत, मी ओठाला पदर लावून.

मॅडमनी आमच्याकडे बघितलं आणि क्षणभर त्यांना कुठून सुरुवात करावी ते कळेना. मी सगळं सांगितलं. त्या चिडल्या. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "वेड लागलंय का तुम्हाला? साखरेच्या माणसाचं हाड आहे ते. जुळायला किती महिने लागतील माहीत नाही. नाहीच जुळलं तर दोन्ही पाय गेले, समजतंय का?"

"एक तर जाणारच होता, मॅडम."

मग उजवा पाय हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हा टेकला होता?"

"नाही. टेकू नाही दिला."

त्यांनी ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरला फोन केला. प्लास्टर झालं. मांडीपर्यंत. आणि तेव्हा, ते पांढरं जाडजूड प्लास्टर बघून, मला पहिल्यांदा भीती वाटली. मी माझ्या बापाचे दोन्ही पाय डावावर लावले होते, त्याला न विचारता. पण पश्चात्ताप नाही झाला. अजूनही होत नाही. आता कोणी विचारलं तर मी पुन्हा मोगरी उचलेन.

पुढचे महिने आबा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बोलत नव्हता, पण हात चालत होते. ताट भिरकावायचा, पट्टी बदलताना डोक्यात तांब्या घालायचा. मी आधी चुकवायचे, मग चुकवणं सोडलं, नुसती ओरडायचे. गावातून खळ्याच्या पत्र्यावर दगड यायचे. ईश्वरला ताप आला आणि उतरला. आणखी काही जण मेले, बाकीचे जगले. एक दिवसाआड मी आबाला उचलून गाडीत घालायचे, मास्क बांधायचे, काढला की पुन्हा बांधायचे. मॅडमचा फोन येईपर्यंत आम्ही शेजारी शेजारी बसायचो, एकमेकांकडे न बघता. मला त्याचा फार राग यायचा आणि त्याच्याशिवाय मला कोणीच नव्हतं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मॅडमनी उजव्या पायाची पट्टी काढली आणि पुन्हा बांधलीच नाही. तिथे गुलाबी, नवं कातडं आलं होतं. त्यांनी आबाचा तो पंजा वर उचलून त्याला दाखवला. इतके दिवस त्याने तिकडे बघितलं नव्हतं. आता बघितलं, बराच वेळ. डाव्याचं हाडही जुळलं होतं, पण वाकडं. पाय जरा आखूड झाला होता.

"उभे राहा, बाबा," मॅडम म्हणाल्या. "डाव्यावर भार नको. उजव्यावर द्या, तो आता चांगला आहे. हे काय झालं होतं हो या डाव्या पायाला, बाहेर कोणी विचारलं तर काय सांगणार?"

"मन्ही आंडेरनी तोडा," आबा म्हणाला. माझ्या मुलीने तोडला.

मदतनीस बाईला ती थट्टा वाटली. ती हसली. आबा हसला नाही. रायसिंगने आत येऊन हात पुढे केला, तो आबाने बाजूला सारला. मॅडमनी काठी दिली, तीही नको म्हणाला. मग त्याने माझ्याकडे न बघता हात लांब केला आणि माझा खांदा पकडला. बोटं हाडात रुतवून पकडला, जुना राग काढत असल्यासारखा. आणि सगळं अंग माझ्यावर टाकून तो उभा राहिला.

माझे गुडघे वाकले. मी भिंतीला हात लावला नाही, कारण मॅडमनी कशाला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं.

"नीट धर व," आबा म्हणाला. "पडसू मी."

मी त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला आणि मास्कच्या आत रडायला लागले. त्याने उजवा पाय जमिनीवर ठेवला.